तोंड दाखवायचं शिबिर

“हा शब्द काढ,” दादा म्हणाला.

“कुठला?”

“हाच.” त्यानं स्क्रीनकडं बोट नेलं, पण टेकवलं नाही. काचेतून काही लागेल अशा भीतीनं ते बोट चार इंच अलीकडंच थांबलं.

“कुठला ते तोंडानं सांग की.”

“पहिला रे! दिसत न्हाई का तुला? मराठीत बीए झालास आणि पहिला शब्द कुठला ते मला विचारतोस?”

पहिला शब्द ‘गर्भाशय’ होता. पूर्ण ओळ अशी होती: ‘गर्भाशय मुखाचा कर्करोग – मोफत तपासणी शिबिर’. सगळ्यात खाली बारीक टायपात ‘वय वर्षे ३० ते ५० मधील महिलांसाठी’. त्याच्या वर वार, वेळ, जिल्हा परिषद शाळा, बोरगव्हाण.

बोरगव्हाणच्या स्टँडवर तेव्हा माझं ‘अक्षर डिजिटल’ नावाचं फ्लेक्सचं दुकान होतं. अजून आहे. कामं मुख्यतः दोन प्रकारची येत, वाढदिवसाची आणि भावपूर्ण श्रद्धांजलीची. मधलं आयुष्य लोक बिनबोर्डाचं काढत. वयाच्या एकतिसाव्या वर्षी माझं लग्न ठरत नव्हतं आणि शुद्धलेखन सोडलं तर मला कशाचाच अभिमान नव्हता.

“दादा, तो शब्द काढला तर अर्थ बदलतो,” मी म्हणालो.

“बदलत न्हाई. बायकांना कळतं बरोबर.”

“अरे पण—”

“दिगू, हा बोर्ड लागणार कुठं? मारुतीच्या पारासमोर. ब्रह्मचारी देव तो. सकाळी उठून त्यानं हे वाचायचं?”

मारुतीला वाचता येतं की नाही, हा वाद मी घातला नाही. दादा दूध संस्थेचा सचिव होता. रोज सकाळ-संध्याकाळ दोनशे लोकांचं दूध ‘पाणी आहे’ म्हणून परत पाठवायची सवय असलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. त्यातून तो थोरला भाऊ. त्यातून गालात तंबाखूचा बार. बोलणं संपलं की तो पिचकारीला बाहेर जाई, म्हणजे शेवटचा शब्द कायम त्याचाच.

मी डिलीटचं बटण दाबलं.

हे दाबताना मी काय करतोय ते मला पुरतं माहीत होतं. कारण दोनच दिवसांपूर्वी वहिनीनं मला स्वयंपाकघरात थांबवलं होतं.

मंदावहिनी ही बोलकी बाई. बाजारला गेली तर भाजीवाली हिच्यासाठी वांगी वेगळी काढून ठेवते, कारण हिच्याशी बोलताना विकायचं विसरायला होतं. पण त्या दिवशी ती पिठाच्या डब्याकडं तोंड करून बोलली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून ऐकलं.

“भाऊजी, चार महिने झाले. मधेच रक्त जातंय. पाळी सोडून.”

मी कॅलेंडरवर संकष्टी कधी आहे ते बघितलं.

“बनसोडे सिस्टरला सांगितलं. त्या म्हणाल्या, घाबरू नका, पण तपासून घ्या. बुधवारी शिबिर आहे म्हणे शाळेत. तुमच्याकडंच बोर्ड येणार आहे ना करायला?”

“हो.”

“मग त्याच्यावर तो शब्द मोठा लिहा.”

“कुठला?”

वहिनीनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. “तुम्ही बीए आहात, तुम्हाला माहितीय. मागच्या वर्षीच्या शिबिराला तुमचे दादा काय म्हणाले आठवतं का? आपल्या घरातली बाई असल्या ठिकाणी जाणार न्हाई. असल्या म्हणजे कसल्या, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता त्यांच्यासमोर तो शब्द मी कसा काढू? बारा वर्षांत काढला नाही. बोर्डावर असला म्हणजे मला काढावा लागणार नाही. मी म्हणेन, तिथं लिहिलंय ना, त्याच्यासाठी जाऊन येते. शब्द बोर्डाचा. माझा न्हाई.”

“आणि चोरून गेलात तर?”

“या गावात? भाऊजी, मी पाटी घेऊन गोठ्यात गेले तरी संस्थेत कळतं.”

मी हो म्हणालो. अगदी शंभर टक्के, बोल्डमध्ये, असं म्हणालो. आणि दोन दिवसांनी दादाच्या एका बोटासमोर तो शब्द पुसून टाकला. लोक म्हणतात लेखणीत तलवारीपेक्षा ताकद असते. त्यांनी डिलीटचं बटण पाहिलेलं नसतं.

तरी ‘महिलांसाठी’ ही ओळ शिल्लक होती. तेवढीच माझी अब्रू. पण संध्याकाळी शुभेच्छुकांचे फोटो आले. सरपंच, उपसरपंच, दोन सोसायटीचे चेअरमन, तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्याचा गॉगल, आणि पहिल्या नंबरवर दादा. सात चेहरे. ते कुठं बसवायचे? वर बसवले तर शिबिर झाकतं, मधे बसवले तर तारीख झाकते. शेवटी ते खाली गेले. ‘वय वर्षे ३० ते ५० मधील महिलांसाठी’ ही ओळ तरुण मंडळाच्या अध्यक्षाच्या गॉगलमागं कायमची नाहीशी झाली.

मंगळवारी सकाळी पारासमोर बोर्ड चढला:

मुखाचा कर्करोग – मोफत तपासणी शिबिर.

मंगळवारी दुपारी तोच मजकूर रिक्षावरच्या कर्ण्यातून गावभर फिरला. बोरगव्हाण तंबाखूचं गाव. इथं लग्नात अक्षता नंतर, आधी चुन्याची डबी फिरते. ‘मुखाचा कर्करोग’ म्हटल्यावर गावात जे झालं ते निवडणुकीतही होत नाही. माणसं आरशासमोर आ करून उभी राहिली. न्हाव्याच्या दुकानात दाढी न करता नुसती तोंडं बघून लोक बाहेर पडू लागले. आणि ज्याचं नाव घ्यायला नको, तो दादा परसात तांब्या घेऊन सलग अर्धा तास चुळा भरत होता.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“काय न्हाई. जिभेला आत काहीतरी चरचरतंय. उद्या डॉक्टर येणारच आहे, तर म्हटलं दाखवू.”

“दादा, ते शिबिर—”

“काय ते शिबिर?”

मला सांगायला हवं होतं. पण तो शब्द आता माझ्याही तोंडातून निघेना. बीए होऊनसुद्धा.

वहिनीनं बोर्ड मंगळवारीच बघितला. दूध घालून येताना. घरी आली, माझ्याकडं बघितलं नाही, उप्पीट केलं, वाटीत वाढलं. उप्पिटात मीठ नव्हतं. मी तसंच खाल्लं. पुढं ती घरात दिसली नाही. सिस्टरकडून ओवीच्या सर्दीचं औषध घेऊन येते म्हणून लेकीला कडेवर घेऊन गेली, ती तासाभरानं आली. लेकीला सर्दी नव्हती.

*

बुधवारी दहाला शाळेच्या व्हरांड्यात सत्तर-ऐंशी माणूस रांगेत उभा होता. सगळे पुरुष. सगळ्यांनी दात घासले होते, आणि काही जणांच्या बाबतीत ते बऱ्याच वर्षांनी घडलं होतं. लिंबाच्या बुडाला तंबाखूच्या पुड्यांचा ढीग पडला होता, परत जाताना उचलायच्या बोलीवर. रांगेच्या तोंडाशी, शब्दशः, दादा.

जीप आली. डॉक्टर काझी मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आणि बनसोडे सिस्टरनी मिळून एक घडीचं टेबल, हिरवा पडदा, स्टीलचे ट्रे आणि औषधाची एक मोठी बाटली उतरवली. मग मॅडमनी रांग पाहिली. रांगेनं मॅडमना पाहिलं आणि एकदम आ केला.

“सिस्टर, हे कोण?” मॅडमनी विचारलं.

“पेशंट आहेत मॅडम.”

मॅडमनी चष्मा लावला. रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“गर्भाशय कुणाकडं आहे यांच्यात?”

दादाचं तोंड उघडंच होतं. ते मिटायचं राहून गेलं.

मी पुढं झालो आणि म्हणालो, “मॅडम, मुद्रणदोष आहे.” आयुष्यात इतका सुसंस्कृत शब्द इतक्या नालायक कामाला मी वापरला नव्हता.

मॅडम चिडतील असं मला वाटलं. जीप परत जाईल, वहिनी घरीच राहील, असंही. पण सिस्टर त्यांच्या कानाशी लागल्या. बराच वेळ लागल्या. मॅडमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही, फक्त चष्म्याची दोरी थरथरली. त्या हसत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या पायरीवर चढल्या.

“तोंडं मिटा,” त्या म्हणाल्या. “आता कान उघडा. मुख बाईला दोन असतात. एक तुम्ही रोज बंद करायला सांगता ते. दुसरं गर्भाशयाचं. आम्ही त्या दुसऱ्यासाठी आलोय.”

लिंबाखाली कुणीतरी पुडी उलगडली, तो आवाज व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू आला.

“त्याला कर्करोग होतो तो एका विषाणूमुळं. हा विषाणू पाण्यातून येत नाही, हवेतून येत नाही, कुणाच्या नजरेनं लागत नाही. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बायकोला तो कुणाकडून येत असेल?”

सत्तर-ऐंशी माणसं शाळेच्या भिंतीवरचे सुविचार वाचू लागली.

“मॅडम,” मागून आबा मोहिते म्हणाले. आबांची सत्तरी पार झालेली, तोंडात एक दात. “म्हंजे बाहेरख्याली माणसाचं म्हणायचं का तुमाला?”

“नाही आबा. अगदी सरळमार्गी माणसाचंसुद्धा. फार साधा विषाणू आहे, निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात कधीतरी येऊन जातो. कुणाला कधी आला, कुणी कुणाला दिला, सांगता येत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असेल. त्यामुळं घरी जाऊन भांडायचं नाही, काही सिद्ध होत नाही. बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. एखादीच्या नाही जात. तिथं मुक्काम ठोकतो. दहा-पंधरा वर्षं गुपचूप बसतो. आधी नुसता डाग पडतो, मग गाठ होते. डाग असताना सापडला तर बाई वाचते. एवढं सोपं आहे. आणि तरी बाया मरतात, कारण डाग बघायला कुणी येतच नाही.”

“आणि आमची तोंडं?” दादानं विचारलं. त्याचा आवाज दूध संस्थेतला नव्हता.

“तंबाखू तुमची वाट लावतेच आहे. आणि कधीमधी हाच विषाणू घशातही घर करतो. म्हणून आलाच आहात तर तोंडंही बघू.” मॅडमनी सिस्टरकडं बघितलं. “पण जोडीनं.”

“जोडीनं म्हंजे?”

आता बनसोडे सिस्टर पुढं आल्या. सिस्टर म्हणजे पाच फुटांच्या आतलं चालतंबोलतं सरकारी परिपत्रक. “सत्यनारायणाला एकटे बसता का हो तुम्ही? बायको लागती ना शेजारी? तसंच हे. एकट्या तोंडाची तपासणी होणार न्हाई. तिचं आत, तुमचं बाहेर, एकाच वेळी. बायको आणा, नंबर लावा. साडेबाराला जीप जाणार.”

आबा मोहिते वळले आणि सत्तरीतला माणूस पळतो तसे पळाले. त्याबरोबर बांध फुटला. एकाच वेळी चाळीस मोटारसायकलींना किक बसली. धुराळ्यात मला दादाची गाडी गेलेली दिसली. त्यानं मला बसवलंसुद्धा नाही.

पुढचा तासभर बोरगव्हाणात जे चाललं त्याला माझ्याकडं आजही मथळा नाही. माणसं बायकांना खुरपणीतून उठवून आणत होती. कुणी भाकरी तव्यावर सोडून आली, हाताला पीठ तसंच. एक नवरा चुकून मेव्हणीला घेऊन आला आणि परत गेला. एकानं आईला आणलं, सिस्टर म्हणाल्या, “जोडी म्हंजे ही नव्हं,” तर म्हातारीच खवळली, “मलाबी मुख हाय की!” मॅडम म्हणाल्या, बसू द्या त्यांना. तुकारामनाना एकटेच आले, टोपी हातात धरून. “माझी जोडी वर गेली मॅडम. सहा वर्सं झाली.” सिस्टरनी त्यांना रांगेत मधे घातलं.

बायकांचं तर काय विचारता. रस्त्यानं येतानाच त्यांच्यात वार्ता फुटली होती की कुठलं मुख ते. पण सासू विचारायची, “कुठं निघालीस गं?” आणि सून म्हणायची, “तोंड दाखवायला. ह्यांनीच बोलवलंय.” यावर सासू काय बोलणार? बाकावर बसून बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. “तुझं तोंड बघितलं का गं?” “बघितलं बाई. दात मोजले म्हणाली.” हशा उसळला की बाहेरच्या रांगेतले नवरे दचकायचे, आपल्यावरच हसल्यासारखे. आणि तसंच होतं.

दादा दहा मिनिटांत आला. मागं वहिनी. पोपटी साडी, जिची घडी फक्त लग्नाला मोडते, केसात गजरा नाही पण वेणी घट्ट, पायात चांगल्या चपला, ओवी शेजारणीकडं ठेवून आलेली. दादा गाडी स्टँडवर लावत माझ्या कानात म्हणाला, “दारातच उभी होती रे. म्हटलं चल, तर कशाला हेसुद्धा विचारलं न्हाई.” मी वहिनीकडं पाहिलं. ती फळ्यावरचं गणित बघत होती.

पावणेबाराला मॅडम पडद्याबाहेर आल्या. “सिस्टर, ऍसिड संपलं.”

“चाळीस बायांना पुरेल एवढं आणलं होतं मॅडम. मागच्या वर्षी चौघी आल्या होत्या.”

“ऍसिड?” दादा हादरला.

“सौम्य. ते लावलं की वाईट जागा पांढरी दिसते. व्हिनेगरच असतं म्हणा ना.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रायश्चित्ताची संधी इतक्या लवकर आणि इतक्या आंबट रूपात येईल असं वाटलं नव्हतं. मी स्टँडवर धावलो. ज्ञानोबाची ‘भैरवनाथ चायनीज’ गाडी नुकतीच उघडत होती.

“व्हिनेगर आहे का? सीलबंद?”

“हाय की. कशाला? मंचुरियन करताय का घरी?”

“गर्भाशयाच्या मुखाला लावायला.”

शब्द निघाला. ज्ञानोबासमोर निघाला. त्याच्या हातातला कोबी खाली पडला.

मॅडमनी बाटलीचं सील तपासलं, लेबल वाचलं. “चार टक्के. चालेल.” बोरगव्हाणात पुढं महिनाभर कुणी मंचुरियन खाल्लं नाही आणि ज्ञानोबा माझ्याशी वर्षभर बोलला नाही.

वहिनीचा नंबर लागला तेव्हा दादा बाहेरच्या खुर्चीत बसला होता. टॉर्च घेऊन सिस्टरनी त्याचं तोंड बघितलं. “चट्टा-बिट्टा काही न्हाई. तंबाखूची घाण तेवढी आहे. सोडा आता.” दादाच्या चेहऱ्यावर अशी खुशी पसरली की त्यानं पाच-सहा जणांना उगाच नमस्कार केला. मग सिस्टर आत गेल्या. पडद्याआडून मॅडमचा आवाज आला.

“लावलंय. आता एक मिनिट थांबायचं. सिस्टर, घड्याळ बघा.”

मिनिट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर हसणं चालू होतं, कुणीतरी आबांच्या एका दाताला नंबर देत होतं. दादा नमस्कार करत होता. मी सेकंद मोजत होतो. साठ झाले. सत्तर झाले. नव्वद झाले.

मॅडम बाहेर आल्या. “यांचे मिस्टर कोण?”

दादा उठला.

“आत पांढरा डाग दिसतोय. घाबरू नका. कर्करोग आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या आधीची पायरी असू शकते. शुक्रवारी दवाखान्यात आणा, दुर्बिणीतून बघू, बारीक तुकडा तपासू. रक्त जायला चार महिने झाले म्हणाल्या. ते वेगळ्या कारणानंही असेल, पण अंगावर काढायला नको होतं.”

“चार महिने?” दादा म्हणाला. वहिनी पडदा सारून बाहेर आली, साडीच्या निऱ्या नीट करत. “चार महिने, आणि मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?” दादानं तिला विचारलं.

“एकच शब्द होता,” वहिनी म्हणाली. “भाऊजी बोर्डावर लिहिणार होते.”

दादानं माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं. शाळेच्या फाटकातून पारासमोरचा बोर्ड दिसत होता, वाऱ्यानं फुगलेला. सात शुभेच्छुक हसत होते. त्यात पहिला दादा.

दादा लिंबाच्या बुडाशी गेला, ढिगातली आपली पुडी शोधून काढली, तिच्याकडं बघितलं आणि परत ढिगावर ठेवली. त्यानं तंबाखू त्या दिवशी सोडली असं सांगायला मला आवडेल. चौथ्या दिवशी परत धरली. सुटायला तीन वर्षं लागली. पण शुक्रवारी सकाळी सात वाजता, दूध संस्था उघडी टाकून, तो गाडीला किक मारून दारात उभा होता. दवाखाना दहाला उघडतो हे त्याला कुणी सांगितलं नाही.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कर्करोग नव्हता. होऊ घातला होता. तेवढा भाग मॅडमनी काढून टाकला, वहिनी संध्याकाळी घरी येऊन चहा पीत बसली. रक्त जात होतं ते साध्या सुजेचं निघालं, गोळ्यांनी थांबलं. म्हणजे खऱ्या चोरानं आवाजच केला नव्हता. भलत्याच कुणीतरी दार वाजवलं म्हणून घर जागं झालं. त्यानंतर बोलावतील तेव्हा वहिनी तपासायला जाते. जाताना ओरडून सांगते, “तोंड दाखवून येते!” दादा म्हणतो, “चल, मीबी येतो.”

*

याला आता बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात बनसोडे सिस्टर माझ्या दुकानात आल्या. निवृत्तीला दोन महिने राहिलेत, केस पांढरे, परिपत्रक तसंच कडक.

“दिगूभाऊ, मजकूर घ्या. शाळेतल्या मुलींना लस आहे. त्याच विषाणूची. नववीतल्या मुली. तुमची ओवी पण आहे यादीत.”

मी टाइप करू लागलो. पहिला शब्द आला आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. सिस्टरना खोकला लागेपर्यंत.

“काय पण डोकं चालवलंत सिस्टर त्या दिवशी,” मी म्हणालो. “जोडीनं! सत्यनारायण!”

“माझं कुठलं डोकं?” त्यांनी डोळे पुसले. “तुम्हाला माहीत न्हाई व्हय? आदल्या दिवशी तुमच्या वहिनी आल्या ना पोरीला घेऊन. म्हणाल्या, सिस्टर, बोर्डाची वाट लागली. उद्या गावातला झाडून सगळा गडी येणार तोंड वासून. तर त्यांना परत पाठवू नका. जोडीशिवाय बघत न्हाई म्हणा. मग आमच्या घरचा माणूस मला स्वतः न्यायला येतो का न्हाई बघा. मला काय, मी मॅडमच्या कानात सांगितलं.”

पोपटी साडी. घट्ट वेणी. दारातच उभी. बारा वर्षं मी समजत होतो की माझ्या चुकीनं वहिनी वाचली. माझ्या चुकीनं तिला फक्त काम लागलं होतं.

तेवढ्यात दादा आत आला. आता दूध संस्थेचा चेअरमन आहे. बाकावर तीन माणसं श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी बसली होती. तो माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं वाकला, चष्मा वर केला, बोट पुढं आणलं आणि या वेळी काचेला टेकवलं.

“हा शब्द—”

माझा हात आपोआप डिलीटच्या बटणावर गेला.

“—बारीक झालाय. मोठा कर.”

“कुठला?”

दादानं माझ्याकडं बघितलं. मग सिस्टरकडं. मग बाकावरच्या तिघांकडं. घसा खाकरला आणि संस्थेत सभासदांची नावं पुकारतो त्या आवाजात म्हणाला, “गर्भाशय! ग-र्भा-शय! आणि रफार नीट दिसू दे, बीए झालायस ना?”

बाकावरचे तिघं सुविचार शोधू लागले, पण माझ्या दुकानात सुविचार नाहीत.

मी शब्द मोठा केला. “अजून,” तो म्हणाला. अजून केला. तो वाढत वाढत खाली आला आणि याही बोर्डावर आधीच बसवून ठेवलेल्या शुभेच्छुकांच्या फोटोंवर चढला.

“आता हे मावत नाहीत दादा.”

“मग काढ की.”

“कुणाला काढू?”

“पहिल्यापासून सुरुवात कर,” दादा म्हणाला.

पहिला फोटो त्याचाच होता.